लुआमधलं निल आणि लोकल: एरर एका ओळीवर, चूक भलत्याच ओळीवर

लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतलं की एक एरर हमखास भेटतो, "अटेम्प्ट टू इंडेक्स अ निल व्हॅल्यू", म्हणजे जिथे काहीच नाही (निल) त्याच्या आत काहीतरी शोधायला गेलात. रोब्लॉक्सवर गेम बनवणारे असोत, निओव्हिमची कॉन्फिग लिहिणारे असोत नाहीतर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे ॲडऑन करणारे असोत, यातून कुणी सुटत नाही (शब्द थोडे इकडेतिकडे असतील एवढंच). आणि बहुतेक जण करतात काय, तर एरर ज्या ओळीवर आलाय त्या ओळीकडे टक लावून बसतात, ती ओळ तर बरोबरच दिसते, मग वैतागून तिथे एक इफ टाकतात आणि एररचं तोंड बंद करतात. एरर गेला, चूक जागच्या जागी. कारण लुआत निल जिथे तयार होतं तिथे कुणी काही बोलत नाही, बोंबाबोंब होते ती पुढे कधीतरी, तुम्ही त्या निलकडून काम करून घ्यायला जाता तेव्हा. हे एकदा डोक्यात बसलं की लोकलचे (म्हणजे कोडच्या ठरावीक तुकड्यापुरत्या व्हेरिएबलचे) नियम, निलचे नियम, त्यातले सगळे विचित्र वाटणारे प्रकार एकाच धाग्यात बसतात.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, खालचा कोड वाचायला सोपा पडावा म्हणून देवनागरीत लिहिलाय, स्वतः टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करायचा.

तर निल म्हणजे काय. लुआत एकूण ८ टाइप आहेत आणि निल हा त्यातला एक स्वतंत्र टाइप, ज्यात व्हॅल्यू एकच, ती म्हणजे निल. शून्य वेगळं, रिकामी स्ट्रिंग वेगळी, फॉल्स वेगळं. निल म्हणजे "इथे काही नाहीये". आता हे बघा:

गुण = १०
प्रिंट(गून)

स्पेलिंग चुकलंय, उकार दीर्घ पडलाय आणि ण चा न झालाय. पायथन असतं तर लगेच ओरडलं असतं की या नावाचं काही मला माहीत नाही. लुआ शांतपणे "निल" छापतं आणि पुढच्या ओळीवर जातं. लुआच्या दृष्टीने तुम्ही एक नाव विचारलं, त्या नावाखाली काही नाही, उत्तर निल, विषय संपला. पण त्याच गूनमध्ये १ मिळवायला गेलात की मग "अटेम्प्ट टू परफॉर्म अरिथमेटिक ऑन अ निल व्हॅल्यू" येतं, आणि त्याच्यापुढे कंसात "ग्लोबल गून" असं लिहिलेलं असतं (ग्लोबल म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅममध्ये दिसणारं व्हेरिएबल).

तो कंस लोक वाचतच नाहीत, खरा माल तिथे आहे. कंसात ग्लोबल असं आलं आणि तुमच्या मते ते व्हेरिएबल लोकल होतं, तर दोनच शक्यता, एकतर स्पेलिंग चुकलंय नाहीतर लोकल ज्या ब्लॉकमध्ये (कोडच्या तुकड्यात) चालू होतं त्याच्या बाहेर किंवा ते चालू होण्याच्या आधी तुम्ही उभे आहात. कंसात लोकल असं आलं तर नाव बरोबर सापडलंय, त्यात व्हॅल्यूच निल आलीये, म्हणजे ती कुणी भरली ते शोधायला मागे जायचं. फील्ड असं आलं तर टेबलमध्ये (लुआत नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवायची जागा) ती की, म्हणजे ते नाव, नाहीये. मेथड असं आलं तर कोलन लावून जे फंक्शन बोलावलंत ते त्या ऑब्जेक्टवर नाहीये. आणि अपव्हॅल्यू असं आलं तर ते बाहेरच्या फंक्शनचं लोकल आहे जे तुम्ही आतल्या फंक्शनमधून वापरताय.

हेच जरा जवळून बघू. समजा ओळ आहे:

प्रिंट(खेळाडू.बॅग.तलवार)

आणि एरर आलाय "अटेम्प्ट टू इंडेक्स अ निल व्हॅल्यू", कंसात "फील्ड बॅग". बरेच जण तलवार शोधत बसतात. तलवारीचा काही संबंध नाही. खेळाडू हे टेबल आहे, त्यातलं बॅग निल आहे, आणि निलच्या आत हात घालून तलवार काढायला गेलात म्हणून एरर. बॅग असती आणि तलवार नसती तर एरर आलाच नसता, नुसतं निल छापलं असतं. थोडक्यात शेवटच्या कडीवर निल आलं तर लुआ गप्प, मधल्या कडीवर आलं तर एरर. कंसवाली ही पद्धत लुआच्या ५.३ आवृत्तीपासूनची आहे, ५.१ मध्ये आणि ५.१ च्या वळणाने जाणाऱ्या लुआजिटमध्ये (लुआ वेगाने चालवणारा प्रोग्रॅम) शब्दांची मांडणी वेगळी असते, "ग्लोबल अमुक" आधी आणि निल नंतर कंसात, पण माहिती तीच. रोब्लॉक्सचं लुआऊ (लुआवरूनच केलेली त्यांची भाषा) मात्र उलटं सांगतं, "अटेम्प्ट टू इंडेक्स निल विथ तलवार", म्हणजे कुठलं व्हेरिएबल निल होतं ते न सांगता तुम्ही त्यातून काय मागत होता ते सांगतं, तेव्हा तिथे दिसलेल्या नावाच्या एक घर डावीकडे बघायचं.

आता लोकल न लावलेलं नाव आपोआप ग्लोबल का होतं? लुआ १९९३ साली ब्राझीलमध्ये रिओच्या कॅथॉलिक युनिव्हर्सिटीत तयार झाली, आणि तिच्या आधी त्याच लोकांनी डेटा नि कॉन्फिगरेशन लिहायला छोट्या भाषा केल्या होत्या, लुआ त्यातूनच आली. कॉन्फिग फाइलमध्ये माणूस "रुंदी = २००" असं सरळ लिहितो, तिथे प्रत्येक ओळीआधी काहीतरी कीवर्ड लावायला लावलं तर वैताग येईल. छोट्या फाइलला हे फार सोयीचं. हजार ओळींच्या प्रोग्रॅमला मात्र हेच महागात पडतं, माझ्या मते तरी ही लुआची सगळ्यात खर्चिक सोय आहे.

आणि ग्लोबल म्हणजे आत काय, तर एका टेबलमधली की. ते टेबल अंडरस्कोर कॅपिटल जी या नावाने तुम्हाला स्वतःला बघताही येतं. "गुण = १०" म्हटलं की त्या टेबलमध्ये गुण नावाची की तयार होते. आता टेबलचा नियम असा की नसलेली की वाचली तर निल मिळतं, आणि एखाद्या कीला निल दिलं तर ती की टेबलमधून जातेच. म्हणून "गुण = निल" लिहिलं की गुण कधी नव्हताच असं होतं. "निल भरलेलं ग्लोबल" आणि "कधीच न बनवलेलं ग्लोबल" हे दोन्ही लुआला एकच. यावर बरेच लोक अडतात, त्यांना वाटतं की कुठेतरी एक खण आहे आणि त्यात निल ठेवलंय. तसा खणच नसतो.

लोकलचं तसं नाही. "लोकल गुण" असं नुसतं लिहिलं, व्हॅल्यू दिलीच नाही, तरी ते व्हेरिएबल अस्तित्वात येतं आणि त्यात निल असतं. म्हणजे लोकलला खरोखरची जागा आहे, ग्लोबलला नाही. ५.० पासून लुआची व्हर्च्युअल मशीन (कोड चालवणारं आतलं यंत्र) रजिस्टरवर, म्हणजे नंबर दिलेल्या खणांवर, चालते आणि लोकल थेट रजिस्टरमध्ये बसतं, ग्लोबलसाठी दरवेळी टेबलमध्ये नाव शोधावं लागतं. जुन्या कोडमध्ये फाइलच्या वर "लोकल साइन = मॅथ.साइन" अशा ओळी दिसतात त्या यासाठीच, लूपमध्ये लाखो वेळा बोलवायचं असलं तर फरक पडतो. एका फंक्शनमध्ये एका वेळी जास्तीत जास्त २०० लोकल चालतात, त्यापुढे कंपाइलच होत नाही, पण तिथवर पोचलात तर प्रश्न लुआचा नाहीये.

लोकलचा जीव ब्लॉकपुरता. फंक्शनचा एंड, इफचा एंड, फॉरचा एंड, व्हाइलचा एंड, किंवा तुम्ही स्वतः टाकलेला डू आणि एंड, आणि यातलं काहीच नसेल तर अख्खी फाइल. सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही:

इफ गुण >= ३५ देन
  लोकल निकाल = "पास"
एंड
प्रिंट(निकाल)

निल छापतं. इफच्या आतला निकाल एंडपाशी संपला, आणि प्रिंटच्या ओळीवरचा निकाल हा वेगळाच, ग्लोबल निकाल, जो कुणी बनवलेलाच नाही. एकच नाव, दोन व्हेरिएबल, आणि लुआने तुम्हाला काही विचारलं नाही. उपाय सोपा, "लोकल निकाल" इफच्या वर लिहायचं आणि आत नुसतं "निकाल = 'पास'", लोकल न लावता.

याचा जुळा भाऊ जास्त वाईट आहे. वर "लोकल निकाल = 'नापास'" लिहिलं आणि इफच्या आत सवयीने परत "लोकल निकाल = 'पास'" लिहिलं. आता निलही येत नाही, एररही येत नाही, गुण ९० असले तरी बाहेर नापासच छापलं जातं, कारण आतल्या लोकलने बाहेरच्याला तेवढ्यापुरतं झाकलं आणि एंडला स्वतः निघून गेलं. निलवाली चूक निदान कधीतरी दिसते, ही कदाचित गेम रिलीज झाल्यावरच दिसेल.

लुआ इंटरॲक्टिव्ह प्रॉम्प्टवर शिकणाऱ्यांना अजून एक धक्का बसतो. पहिल्या ओळीत "लोकल क = ५", एंटर, दुसऱ्या ओळीत "प्रिंट(क)", आणि निल! लोकांना वाटतं लुआच बिघडलीये. तिथे तुम्ही एंटर मारून दिलेली प्रत्येक ओळ हा वेगळा तुकडा म्हणून चालते, तुकडा संपला की त्यातलं लोकल संपलं. प्रॉम्प्टवर खेळताना ग्लोबल वापरा, किंवा सगळं एका डू-एंडमध्ये लिहा, काही बिघडत नाही.

लोकल नक्की कुठपासून चालू होतं यातही एक मेख आहे. ते चालू होतं त्याची घोषणा संपल्यावर, म्हणजे "लोकल क = क" यात उजवीकडचा क बाहेरचा आणि डावीकडचा नवा. हे दिसायला फालतू दिसतं पण स्वतःला बोलावणारं फंक्शन लिहिताना बरोबर पायात येतं:

लोकल मोजणी = फंक्शन(न)
  इफ न > ० देन प्रिंट(न) मोजणी(न - १) एंड
एंड

मोजणी(३) बोलावलं की ३ छापून एरर, "अटेम्प्ट टू कॉल अ निल व्हॅल्यू", कंसात "ग्लोबल मोजणी". आतला कोड लिहिला जात असताना लोकल मोजणी अजून चालू झालेलंच नव्हतं, म्हणून आतलं मोजणी हे नाव ग्लोबलकडे गेलं. "लोकल फंक्शन मोजणी(न)" असं लिहिलं की चालतं, कारण त्या रूपात लुआ आधी लोकल बनवते आणि मग त्यात फंक्शन भरते. दोन्ही लिखाणं एकच आहेत असं सांगणारे भेटतात, इथे नाहीयेत.

फंक्शनला कमी आर्ग्युमेंट दिली तर उरलेल्यांत निल, जास्त दिली तर जास्तीची फेकली जातात, एरर दोन्हीकडे नाही. "लोकल अ, ब = १" मध्येही तेच, ब निल. मग लोक डिफॉल्ट व्हॅल्यूसाठी "नाव = नाव ऑर 'पाहुणा'" असं लिहितात आणि ते चालतं, कारण लुआत खोटं मानलं जाणाऱ्या व्हॅल्यू दोनच, निल आणि फॉल्स. शून्य खरं, रिकामी स्ट्रिंगही खरी, जावास्क्रिप्टवरून आलेल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. पण "आवाज = आवाज ऑर ट्रू" लिहिलंत की फसलात, युजरने मुद्दाम फॉल्स देऊन आवाज बंद केला तरी तो ट्रू होतो. तिथे "इफ आवाज == निल देन आवाज = ट्रू एंड" असं सरळ विचारायचं. आणि हो, टाइप फंक्शन स्ट्रिंग परत देतं, म्हणून "टाइप(क) == निल" कधीच खरं होत नाही, तुलना अवतरणातल्या "निल" शी करावी लागते.

एक गंमत, दुसऱ्या भाषेतून आलेले लोक "इफ क == नल" असं लिहितात आणि ते चालतं सुद्धा! लुआत नल असा शब्दच नाही. पण नल हे कुणी न बनवलेलं ग्लोबल, म्हणजे त्याची व्हॅल्यू निल, म्हणजे तुलना बरोबर. पायथनवाला "नन" लिहितो, तेही चालतं. तुमचं स्वतःचं नाव लिहिलंत तरी चालेल. ज्या दिवशी कुणीतरी दुसऱ्या फाइलमध्ये नल नावाच्या ग्लोबलला काहीतरी दिलं त्या दिवशी सगळं कोसळेल आणि कारण शोधायला जाम वेळ लागेल.

काहीही परत न करणारं फंक्शन आणि निल परत करणारं फंक्शन यात फरक आहे का? बहुतेक वेळा नाही, "लोकल र = फ()" केलं तर दोन्हीकडे र निलच. पण "प्रिंट(फ())" करून बघा, पहिल्यात नुसती रिकामी ओळ येते, दुसऱ्यात निल छापलं जातं. आणि "टूस्ट्रिंग(फ())" केलं तर पहिल्यात एरर, की व्हॅल्यू हवी होती, मिळालीच नाही. एक जादा कंस घालून "प्रिंट((फ()))" केलं की लुआ नेमकी एक व्हॅल्यू घेते, नसली तर निल धरते, मग फरक मिटतो.

आता टेबलमधलं निल, याच्यावर वेगळं लिहायला हवं इतका हा प्रकार आहे. पहिली ते चौथी जागा असलेलं टेबल घ्या, १०, २०, निल, ४०. याची लांबी किती? हॅश (#) लावून विचारलंत तर मॅन्युअलप्रमाणे २ हे उत्तर बरोबर आणि ४ हेही बरोबर, कारण लुआला फक्त अशी जागा सांगायची असते जिच्यावर काहीतरी आहे आणि जिच्या पुढच्या जागेवर निल आहे, आणि इथे अशा जागा दोन आहेत. कुठली मिळेल हे टेबल आत कसं रचलं गेलंय त्यावर ठरतं. आयपेअर्स (१ पासून क्रमाने फिरवणारं फंक्शन) लावलंत तर १० आणि २० देऊन पहिल्या निलपाशी थांबतं. पेअर्स (असेल ती प्रत्येक की देणारं) लावलंत तर तिन्ही मिळतात. तीन प्रकारे मोजलं, उत्तरं वेगवेगळी. म्हणून यादीच्या मधलं काढायचं असेल तर त्या जागी निल भरू नका, टेबल.रिमूव्ह वापरा, ते पुढचे सगळे एकेक जागा मागे सरकवतं. पेअर्सच्या लूपमध्ये फिरताना असलेल्या कीला निल देऊन काढून टाकणं चालतं, नवीन की घालणं चालत नाही. आणि निल स्वतः की होऊ शकत नाही, निलच्या जागी लिहायला गेलात तर एरर येतो, तीच जागा वाचायला गेलात तर मात्र परत गुपचूप निल.

हे सगळं हाताने सांभाळणं अवघड आहे, म्हणून लोकांनी सोयी केल्यात. ग्लोबलचं टेबल हे साधंच टेबल असल्याने त्याला मेटाटेबल (टेबलने कसं वागायचं ते सांगणारं दुसरं टेबल) लावता येतं आणि सांगता येतं की न बनवलेलं नाव कुणी वाचलं किंवा फंक्शनच्या आतून नवीन ग्लोबल बनवलं तर तिथल्या तिथे एरर दे. अशी स्ट्रिक्ट नावाची छोटी फाइल ५.१ च्या सोर्सबरोबर यायची. कोड न चालवता तपासायचा असेल तर लुआचेक आहे, स्पेलिंग चुकून झालेलं ग्लोबल आणि वर सांगितलेलं झाकलेलं लोकल, दोन्ही दाखवतं. ५.४ मध्ये लोकलच्या नावापुढे कोनी कंसात कॉन्स्ट लिहिता येतं, मग त्याला परत काही द्यायला गेलात तर कंपाइल होतानाच अडवतं. रेडिस (लुआ स्क्रिप्ट चालवता येणारा डेटाबेस) तर लुआ स्क्रिप्टला नवीन ग्लोबल बनवूच देत नाही, प्रत्येक व्हेरिएबलला लोकल लावावंच लागतं, पहिल्यांदा चीड येते पण शिस्त लागते.

त्याच रेडिसमध्ये एक गोष्ट मात्र आत्तापर्यंतच्या सवयीला उलटी आहे. नसलेली की गेट या कमांडने मागितली की स्क्रिप्टमध्ये साधारणपणे निल येत नाही, फॉल्स येतं. म्हणून तिथे "इफ व == निल" ही तपासणी कामाची नाही, "इफ नॉट व" असं लिहावं लागतं. आणि सीजेसन या लायब्ररीने जेसन (डेटा लिहायचा एक प्रकार) वाचलं तर त्यातल्या नलच्या जागी एक खास व्हॅल्यू येते जी निल पण नाही आणि फॉल्स पण नाही, म्हणजे नुसत्या इफमध्ये ती खरी ठरते, तिची तुलना सीजेसनच्याच नलशी करावी लागते. असं का केलं, तर टेबलमध्ये निल ठेवलं असतं तर ती कीच उडाली असती, आणि जेसनमध्ये की होती पण रिकामी होती ही माहिती हरवली असती.